धुलाई तापाचे सतरा फॉर्म

ज्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते वहीतून फाडलेल्या रेघी कागदावर लिहिलेलं होतं. नऊ वर्षं ते माझ्या शब्दकोशामागे भिंतीला टेकून उभं होतं. पुरतं असं मी ते दोनदाच वाचलं. पण त्यातलं मागणं एका ओळीचं होतं आणि ती ओळ काही विसरता आली नाही.

‘साहेब, माझे बाबा पहिले नव्हते, एवढंच कचेरीच्या शिक्क्यानिशी लिहून द्या. आईला दाखवायचं आहे.’

लिहिणारी धुलाई केंद्रात इस्त्रीवर होती. तिचे वडील तिथेच मोठ्या यंत्रावर इस्पितळाच्या चादरी धूत. ते तापाने गेले आणि तिसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून आईचं एकच पालुपद होतं: ‘यांनी ताप घरात आणला, माझा पोरगा यांनीच खाल्ला.’ नवऱ्याचे कपडे तिने जाळले होते आणि त्यांचं नाव कोणी काढलं तर ती उठून जाई.

तेव्हा मी आरोग्य खात्याच्या कचेरीत पत्रकं लिहायचो. मी डॉक्टर नव्हे. शुद्ध लिहिता येतं म्हणून ज्याला खुर्ची मिळते, तसला माणूस. प्रयोगशाळेने विषाणूला तीन अक्षरं आणि चार आकडे दिले होते. साहेब म्हणाले, “हे लोकांच्या जिभेवर कसं बसायचं? एवढी पुस्तकं वाचता, काहीतरी सुटसुटीत द्या. चारला छपाई आहे.”

नोंदवहीत सगळ्यात वरची पाच माणसं धुलाई केंद्रातली होती. मी ‘धुलाई ताप’ असं लिहिलं. साहेबांनी मान वर न करता “चालेल” म्हटलं. खरं सांगतो, मला थोडा आनंद झाला होता. मी सुचवलेलं काही सहसा चालत नसे.

तापाच्या आधी नाव गावभर झालं. दुकानदार धुलाई कामगारांना सामान उंबऱ्याबाहेर ठेवून देऊ लागले. घरमालकांनी खोल्या रिकाम्या करून घेतल्या. केंद्राच्या काचा फुटल्या, मग ते बंदच पडलं. लोक घरोघरी कपडे उकळत बसले आणि त्याच हाताने इस्पितळात आजाऱ्याला भेटायला जात राहिले. तिथे कसली भीती, ताप तर धुलाईचा! त्या भेटींतून किती घरं बसली हे मोजणारी नोंदवही नाही. मी मात्र मनात मोजत आलो आहे.

पत्रक छापून गेल्याच्या एकोणिसाव्या दिवशी इस्पितळातून फॉर्मांचा गठ्ठा आला. सतरा फॉर्म. वॉर्डातले कागद मोठ्या डॉक्टरांच्या सहीसाठी पडून राहत. धुलाईचा मुकादम शिस्तीचा, तो त्याच दिवशी पोचते करी. आमची नोंदवही आवक तारखेने चाले. कागद कचेरीत कधी आला, त्यावरून माणसाचा क्रमांक लागे. तो आजारी कधी पडला हे फॉर्मच्या मागच्या बाजूला, बारीक रकान्यात. मी गठ्ठा उलटा केला. वॉर्डातल्या पहिल्या रुग्णाला ताप आला होता चार तारखेला. चादरी धुणाऱ्याला तेरा तारखेला. ताप इस्पितळातून चादरींबरोबर त्याच्याकडे गेला होता.

मी ते सतरा फॉर्म खालच्या ओळींत, आवक क्रमाने, सुवाच्य अक्षरात चढवले. साहेबांना सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते.

दोन महिन्यांनी ते पत्र आलं. मी ते घरी आणलं, म्हणजे खरं तर पळवलं. झाडताना हिच्या हाती लागायचं तेव्हा ही म्हणायची, “पत्र काही खायला मागत नाही, म्हणून पोसलंय वाटतं?”

गेल्या मंगळवारी दुपारी कचेरीतली माझ्या जागेवरची बाई घरी आली. काम तिला मीच शिकवलं होतं. नवा ताप सुरू होऊन दहा दिवस झाले होते. रस्ते ओस पडू लागले होते. ती दारातल्या खुर्चीवर, मुखपट्टी न काढता बसली.

“सर, डोकं चालेना म्हणून आले. नव्या विषाणूचा नुसता आकडा आलाय. तुमचं ‘धुलाई ताप’ काय फक्कड होतं! अजून लोक तेच म्हणतात.”

“चहा घेणार?” मी म्हणालो.

“चहाचं मी बघते,” ही आतून ओरडली. “तुम्ही विषय बदलू नका.”

“पहिले सहाही रुग्ण बेकरीतले आहेत,” बाई म्हणाली. “साहेबांना ‘बेकरी ताप’ आवडलंय. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“नोंदवही कशाने लावलीये?”

“आवक तारखेने. तुम्हीच तर शिकवलंत!”

“इस्पितळाचे फॉर्म आले?”

“सहीला असतील. येतील की, जातात कुठं?”

मग मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मधलं आधी आणि आधीचं शेवटी असं झालं. ती ऐकत राहिली. चहा आला तो तसाच राहिला.

“म्हणजे ते धुलाईवाले...”

“त्यांना लागण झाली. त्यांच्यापासून सुरू नाही झालं.”

“आणि तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“एकोणिसाव्या दिवसापासून.”

तिने कचेरीत फोन लावला आणि पत्रक थांबवायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “छापून जाणार नाही, एवढं मी बघते. पण काल रात्रीच कोणीतरी त्या बेकरीच्या शटरवर डांबर फासून गेलंय. कचेरीतूनच कोणीतरी बोललं असणार. आता लोकांच्या तोंडाला कुठला बोळा कोंबू?”

मी शब्दकोशामागून पत्र काढून तिला दिलं. शिक्का मिळेल का, विचारलं.

तिने वाचलं, घडी घालून परत दिलं. “शिक्का विसरा, सर. कचेरीची चूक झाली असं लिहून कोण सही करेल? मी नाही करणार. मला अजून चौदा वर्षं नोकरी करायचीय.” जिना उतरता उतरता ती थांबली. “नोंदवह्या तळघरात आहेत. सगळे फॉर्म मागे टाचलेले आहेत. बघायला कोणी अडवत नाही.”

बुधवारी मी तळघरात गेलो. अक्षर माझंच होतं, फार सुरेख. तारखा उतरवून घेतल्या.

उत्तर चार पानी झालं. हिने चष्मा लावून वाचलं आणि पानं माझ्यापुढे ठेवली. “यात सगळं तुमचंच रडगाणं आहे. मला वाईट वाटलं, मला झोप नाही... त्या मुलीनं हे मागितलंय का?”

मी पुन्हा लिहिलं. ‘तुमचे वडील पहिले नव्हते. त्यांच्या आधी नऊ दिवस इस्पितळातला रुग्ण आजारी होता. ताप त्यांच्याकडे इस्पितळाच्या चादरींतून आला. काम करताना त्यांना लागण झाली. फॉर्मांचे क्रमांक खाली दिले आहेत, कचेरीत मागून पाहता येतील. तापाला ते नाव मी दिलं. चूक कळल्यावरही मी ती सांगितली नाही. शिक्का मिळाला नाही, म्हणून माझी सही करतो. तुमच्या आईंना हे वाचून दाखवावं.’ आई आहेत की नाहीत, हे मला माहीत नव्हतं. ती मुलगी तरी आहे का, हेही नव्हतं.

टपाल कचेरीत काचेमागच्या माणसाने पाकीट उजेडात धरलं. “रजिस्टर करायचंय? पत्ता फार जुना दिसतोय, आजोबा. त्या चाळीतले बरेच जण त्या धुलाई तापात गेले, उरलेले उठून गेले.”

“असेल कोणी,” मी म्हणालो.

“परत आलं तर कुणाला द्यायचं? मागे काहीच लिहिलं नाहीत.”

एकतीस वर्षं मी जे लिहिलं त्याखाली माझं नाव कधी नव्हतं. त्याने दोरीला बांधलेलं पेन पुढे केलं. मी पाकिटाच्या मागे नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि पाकीट काचेखालून आत सरकवलं. त्याने त्यावर शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.