विंगेतून आलेलं नाव

नेव टॅटनेल हा टास्मानियातल्या ग्लेनफर्थ गावच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. दिवसा सफरचंदाची बाग, संध्याकाळी विंगेतलं लाकडी स्टूल. आयुष्यात तो एकदाही रंगमंचावर गेला नाही आणि तशी हौसही त्याला नव्हती. प्रॉम्प्टर म्हणजे पुस्तक समोर धरून बसलेला माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या स्टुलावर बसून दाखवावं. नट गप्प झाला की तो मुद्दाम थांबलाय की वाक्य विसरलाय, हे ओळखणं म्हणजे खरं प्रॉम्प्टिंग. मुद्दाम थांबलेल्याला शब्द दिला तर तो जीव घेतो, आणि विसरलेल्याला नाही दिला तर तो जीव देतो.

नेव तोंडाकडे बघायचाच नाही. नटांची तोंडं खोटं बोलतात, त्याचेच तर त्यांना हार मिळतात. तो हातांकडे बघायचा. नट विसरला की त्याचा अंगठा पँटच्या शिवणीवरून वरखाली फिरायला लागतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण कधी चुकलेलंही नाही.

त्याचा स्वतःचा अंदाज मात्र एकदा चुकला होता. ऑल्विन बर्डनच्या पहिल्याच नाटकात, ऑल्विन स्वतः काम करत असताना, नेवनं भर विरामात त्याला वाक्य दिलं. प्रेक्षागृहात पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. ऑल्विन चार दिवस त्याच्याशी बोलला नाही आणि घरातल्या दुसऱ्या खोलीत झोपला. त्या खोलीतला पलंग वापरला गेला तो तेवढाच.

ऑल्विन हा ग्लेनफर्थच्या खोऱ्यातला एकमेव नाटककार. मूळचा राजधानीचा, होबार्टचा. सफरचंद तोडणीच्या हंगामापुरता नेवच्या बागेत कामाला आला, शिडीवरून दोनदा पडला, आणि मग राहिलाच. पुढं त्याची नाटकं मेलबर्नपर्यंत गेली, एकाला बक्षीसही मिळालं. पण सगळ्यांचा पहिला प्रयोग ग्लेनफर्थच्या हॉलमध्ये, चहा आणि लोणी लावलेल्या स्कोन-पावांसकट. प्रत्येक नाटकात दोन बहिणी असायच्या. दोघी बिनलग्नाच्या, मध्यमवयीन, एकाच घरात राहणाऱ्या, लोणी कुणी संपवलं यावरून भांडणाऱ्या. कुणीतरी पाद्री नाहीतर डॉक्टर एकीला मागणी घालायला यायचा आणि चहा पिऊन परत जायचा. खोऱ्यातल्या बायका डोळे पुसत घरी जायच्या. बहिणी तर बहिणी, कुणाचं काय बिघडत होतं?

नाटकांशिवाय ऑल्विनला दुसरा एक उद्योग होता. शनिवारी तो बसनं होबार्टला जायचा आणि फलक घेऊन उभा राहायचा. पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं टास्मानियात तेव्हा गुन्हा होता, एकवीस वर्षांपर्यंत कैद. बाकी सगळ्या ऑस्ट्रेलियात तो कायदा मोडीत निघाला होता, पण टास्मानियाला कशाचीच घाई नसते. ऑल्विनला दोनदा पोलिसांनी उचललं, एकदा तो टीव्हीवर दिसला. ग्लेनफर्थमध्ये त्यावर बरीच चर्चा झाली आणि तो टीव्हीवर जाड दिसतो यावर एकमत झालं. तो एवढी वर्षं कुणाच्या घरात राहतो, हा विषय कुणी काढला नाही. तिथली माणसं सभ्य आहेत. सभ्यपणाचा इतका जाच दुसऱ्या कुठल्या गावात नसेल.

नेवची थोरली बहीण थेल्मा नाट्यमंडळाचा कपडेपट सांभाळायची. तिनं तर त्यासाठी शब्दच नेमून टाकला होता, ‘तुझा भाडेकरू’. ती दर रविवारी चर्चमधून थेट जेवायला यायची. भाजलेलं मटण, बटाटे, मटार, पुदिन्याची चटणी. “तुझ्या भाडेकरूला अजून रस्सा हवाय का विचार,” असं ती ऑल्विनच्या समोर बसून नेवला सांगायची. जेवण झालं की दुसऱ्या खोलीतल्या पलंगाच्या चादरी काढून धुवायला न्यायची आणि इस्त्री केलेल्या घालून जायची. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी नेव त्या खोलीत जाऊन पलंग चुरगाळून ठेवायचा. उशीला मधोमध एक बुक्की मारायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि यात काही विनोदी आहे असं त्याला एकदाही वाटलं नाही.

आणि मग चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात, बागेत छाटणी चालू असताना, ऑल्विन शिडीखाली येऊन उभा राहिला.

“मी पोलिसांत कबुली देणार आहे,” तो म्हणाला.

“कसली?”

“गुन्ह्याची. जाऊन सांगणार, मी हे हे केलं, मला पकडा. पकडलं तर खटला होईल, सरकारची जगभर छी थू होईल. नाही पकडलं तर कायदा कशाला ठेवलाय म्हणून विचारता येईल.”

नेवनं एक फांदी कापली. “गुन्ह्याला दोन माणसं लागतात, ऑल.”

“माहिताय.”

“माझं नाव नको. बाकी काय बोलायचं ते बोल. थेल्माला चर्चमध्ये बसावं लागतं. मला या लोकांना सफरचंदं विकावी लागतात.”

“नाही घेणार तुझं नाव.”

“एकवीस वर्षं देतील.”

“आपण बावीस काढलीत की इथं,” ऑल्विन म्हणाला. “उलट एक वर्ष त्यांच्याकडून येणं निघेल.”

नेव हसला नाही. पण शिडीवरून उतरला.

ऑल्विननं कबुली लिहून काढली. नाटककाराला नुसती कबुली लिहिता येत नाही, त्यानं अख्खा प्रवेश लिहिला. सार्जंटची वाक्यंसुद्धा त्यानंच लिहिली. आठवडाभर स्वयंपाकघरात तालमी झाल्या. नेव पुस्तक घेऊन सार्जंटचं काम करायचा, एका सुरात, भाव न आणता. सार्जंट विचारतो, ‘कुणाबरोबर?’ ऑल्विन सांगतो, ‘ते नाव माझं नाही, म्हणून मी ते देणार नाही.’ हे वाक्य नेवच्या आग्रहाखातर होतं. दर तालमीला ते ऐकून त्याला बरं वाटायचं, आणि दर वेळी पाठोपाठ थोडं वाईटही वाटायचं. ऑल्विन ते इतकं छान म्हणायचा की वाईट का वाटतं हे नेवला धड सांगता आलं नसतं.

गुरुवारी दुपारी दोघं ठाण्यावर गेले. नेव फक्त गाडी चालवायला. ऑल्विनला गाडी येत नव्हती, आणि गुन्हा कबूल करायला बसनं जाणं बरं दिसत नाही.

ठाण्यात सार्जंट कॉलिन डॉब्स एकटाच खिम्याची पेस्ट्री खात बसला होता. हा कॉलिन म्हणजे नाट्यमंडळाचा कायमचा पाद्री. धिप्पाड देह, भरदार आवाज, आणि पाठांतराच्या नावानं शंख. बारा वर्षं तो नेवच्या आवाजावर नाटकं करत होता. नेवनं विंगेतून काहीही म्हणावं, कॉलिननं ते मोठ्यांदा म्हणावं, असा त्यांचा संसार होता. नव्या नाटकाचा पहिला प्रयोग परवाच, शनिवारी होता.

“अरे, बरं झालं आलात,” कॉलिन म्हणाला. “त्या दुसऱ्या अंकातलं मागणी घालायचं वाक्य जरा तोकडं करता येईल का?”

“कॉलिन, मी गुन्हा कबूल करायला आलोय,” ऑल्विन म्हणाला.

“कुठला?”

ऑल्विननं सांगितला. कलमासकट. नेव भिंतीजवळच्या बाकावर बसला होता आणि वाक्यावाक्याला मनात मान डोलावत होता. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

कॉलिननं पेस्ट्री कागदात गुंडाळून ठेवली. तोंड पुसलं. “लेका, आजच? शनिवारी प्रयोग आहे!”

“सोमवारी आलो असतो तर म्हणाला असतास, आठवडाभर प्रयोग आहेत.”

“ते पण खरंच.” कॉलिननं सुस्कारा सोडला आणि टोपी घातली. “बरं. कायद्यानं मला आधी तुला सावध करावं लागतं. ऑल्विन बर्डन, तुला... तुझ्यावर... काहीही बोलायचं...” तो थांबला आणि सवयीनं बाकाकडे बघू लागला. अंगठा शिवणीवर.

“बोलायचं बंधन तुझ्यावर नाही,” नेव हळूच म्हणाला.

“बोलायचं बंधन तुझ्यावर नाही!” कॉलिन खणखणीत आवाजात म्हणाला. “पण जे बोलशील ते...”

“लिहून घेतलं जाईल.”

“लिहून घेतलं जाईल, आणि पुरावा म्हणून वापरलं जाईल. आभारी आहे, नेव.” त्यानं कोरा कागद ओढला. “हं. कधीपासून?”

“बावीस वर्षं.”

“बावीस,” कॉलिननं लिहिलं. “कुणाबरोबर?”

इथं ऑल्विनचं वाक्य होतं.

ऑल्विन काही बोलला नाही. नेवला वाटलं, विराम. तालमीत तो या जागी विराम घेत नसे, पण हा माणूस विरामांवर जगणारा. ठाण्याच्या भिंतीवरचं घड्याळ वाजत राहिलं. कॉलिन पेन धरून वाट बघत होता. मग नेवनं ऑल्विनच्या हाताकडे बघितलं.

अंगठा पँटच्या शिवणीवरून वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला.

या माणसाला नेवनं कधी वाक्य विसरताना पाहिलं नव्हतं. मेलबर्नला ताप अंगावर घेऊन त्यानं तीन अंकी नाटक रेटून नेलं होतं, एक अक्षर न गाळता. आणि आज एवढंसं वाक्य, आठवडाभर स्वयंपाकघरात घोटलेलं, त्याच्या तोंडून निघेना. नेवला ते पाठ होतं. ते नाव माझं नाही, म्हणून मी ते देणार नाही. नुसतं ओठातल्या ओठात म्हटलं असतं तरी काम झालं असतं. प्रॉम्प्टरचं काम तेवढंच, लिहिलेलं देणं.

ऑल्विनच्या मानेवरची कातडी म्हाताऱ्या माणसासारखी दिसायला लागलीय, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. बावीस वर्षं हा माणूस आपलं नाव झाकायला दोघांच्या जागी बहिणी लिहीत आला. त्याची लाज वाटली नेवला.

“नेव्हिल जेम्स टॅटनेल,” तो म्हणाला. विंगेतल्या आवाजात, बेताच, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा.

“नेव्हिल जेम्स टॅटनेल!” कॉलिन खणखणीत आवाजात म्हणाला.

मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. पेन थांबलं. ऑल्विननं मागं वळून बघितलं.

“हे पुस्तकात नव्हतं,” ऑल्विन म्हणाला.

“नव्हतं,” नेव म्हणाला.

कॉलिननं पेन पुन्हा कागदावर टेकवलं. “लिहू?” त्यानं विचारलं. पाद्र्याचा नाही, सार्जंटचाही नाही, साधा त्याचा स्वतःचा आवाज होता तो. बारा वर्षांत नेवनं तो क्वचितच ऐकला होता.

“लिही.”

कॉलिननं लिहिलं. दोघांच्या सह्या घेतल्या. “हे होबार्टला जाईल,” तो म्हणाला. “तिथले साहेब ठरवतील. तोवर गाव सोडायचं नाही. निदान शनिवारी तरी नाही. तुला आत टाकलं तर मला शब्द कोण देणार?” मग पेस्ट्रीकडे वळताना त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं, “आणि ते मागणीचं वाक्य?”

“एक शब्द कमी होणार नाही,” ऑल्विन म्हणाला.

होबार्टचं उत्तर यायला झाडं फुलायचा वसंत उजाडला. खटला भरण्यात जनतेचं हित दिसत नाही, असं त्यात होतं. बावीस वर्षांच्या गुन्ह्याची अशी वासलात लागल्याचा ऑल्विनला भयंकर अपमान वाटला. त्यानं ते पत्र घेऊन शनिवारची बस पकडली आणि पुढची अडीच-तीन वर्षं ते दिसेल त्याला वाचून दाखवलं. मग कायदाच गेला. पण हे सगळं नंतरचं.

त्या गुरुवारी ते घरी पोचले तेव्हा दारात थेल्माची गाडी उभी होती. कॉलिननं बायकोला फोन केला होता, आज जेवायला उशीर होईल म्हणून, कारणासकट. पुढं काय झालं असेल ते कुठल्याही गावच्या माणसाला सांगायला नको.

नेव गाडीतच बसून राहिला. “तू जा आधी,” तो म्हणाला.

“बहीण तुझी आहे,” ऑल्विन म्हणाला.

थेल्मा दुसऱ्या खोलीत होती. कोट अंगावर तसाच. पलंगाच्या चादरी तिनं ओढून काढल्या होत्या, उश्या जमिनीवर. डोळे लाल होते, पण तोंड दर रविवारसारखंच होतं.

“ही गादी बघ,” ती म्हणाली. “बावीस वर्षांत एक खळगा नाही हिला. मी काय आंधळी आहे?”

“कधी बोलली नाहीस,” नेव म्हणाला.

“तू बोलला नाहीस! मी कशी बोलणार? भाऊ चादर चुरगाळून ठेवतो, म्हटलं असेल त्याला कारण. मी आपली धुतेय. इस्त्री करतेय. माझ्या घरात नाटकाच्या कपड्यांनी पाय ठेवायला जागा नाही, बाथटबमध्ये पाद्र्याचे झगे, आणि इथं एक अख्खी खोली रिकामी!”

नेवचा अंगठा पँटच्या शिवणीवर गेला. थेल्मानं तो बघितला. बारा वर्षं कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला तेवढं कळतं.

“पकड,” तिनं चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी चादर ताणली, दुमडली, पुन्हा ताणली, लहानपणी आईच्या अंगणात दुमडायचे तशी. “शनिवारी सकाळी नाटकाचे कपडे इथं आणते. हा पलंग तोवर उचला. आणि रविवारी मटण जरा मोठं आण, ऑल्विनला रस्सा पुरत नाही.”

दारात उभ्या असलेल्या ऑल्विनला तिनं नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ. त्यानं खिशात पेन चाचपलं. नाटककाराची जात, घर जळत असलं तरी आधी वाक्य शोधणार.

“लिहिणार असशील तर लिही,” थेल्मा चादरीची शेवटची घडी घालत म्हणाली. “पण या वेळी बहिणी करू नकोस.”