कानशीने रुंद केलेली खाच

भोईवाड्यात आमच्या शेजारी राहणारे उत्तमकाका गिरणीत फिटर होते. संपात नोकरी गेली, लोखंड घासायची कानस मात्र घरात राहिली. त्यांची मुलगी मस्कतला असते. तिने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलवर नातीला बघताना चित्र सारखं अडकायचं, म्हणून काकांनी स्वतःच नवी मेमरी आणून बसवली. लॅपटॉप सुरूच होईना, तेव्हा मला हाक मारली.

मी मेमरीची पट्टी काढून पाहिली. लॅपटॉपला डीडीआर-टू प्रकारची मेमरी लागते आणि ही पुढच्या पिढीची डीडीआर-थ्री होती. चुकीची पट्टी बसू नये म्हणून दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. काकांनी नव्या पट्टीची खाच कानशीने घासून रुंद केली होती.

"मागाचे पार्ट असेच बसवायचो," ते हळूच म्हणाले. "जळला काय रे?"

"बघा आता. पोरीला काय तोंड दाखवणार?" तुळसाकाकू म्हणाल्या.

मी जुनी पट्टी परत लावली. बराच वेळ काळा राहिलेला पडदा उजळला, तेव्हा काका खाली बसले. काकूंनी लगेच मस्कतला फोन लावायला सांगितला. नात दिसली आणि जांभई देतानाच अडकली.

"बरोबर पट्टी उद्या आणतो," मी म्हणालो.

"सावकाश आण," काकू पडद्याजवळ सरकत म्हणाल्या. "एरवी ही कुठे एवढा वेळ एका जागी राहते बघायला?"