डावखुऱ्याचं हँडल

“थांब थांब! त्यो हात खाली घे आधी!”

अक्काताईंचा आवाज असा आला, की हलगीवाल्याची टिपरीसुद्धा हवेतच राहिली. ड्रायव्हर भावकूनं हँडलवरचा डावा हात काढला. संकेश्वरच्या गल्लीत नवरदेवाची वरात सजून उभी होती आणि शंभरीला टेकलेली ती काळी मोटार पुढून हँडल मारल्याशिवाय जागची हलणार नव्हती.

“माझ्या भाच्याचं लगीन हाय आज. शुभकार्याला डावा हात?”

“आक्का, हिला ह्योच हात लागतोय,” भावकू पुटपुटला.

भावकू जन्माचा डावखुरा. ह्या हातावर लहानपणी आईची पळी बसली, मास्तरांची छडी बसली, पंगतीत लोकांनी नाकं मुरडली. साठीला आला तरी चारचौघांत तो हात खिशातच. फक्त जुन्या मालकांनी, त्याला गाडीवर ठेवताना, तोच हात पाहून म्हटलं होतं, “असाच गडी पाहिजे.” त्या एका वाक्यावर गड्यानं अख्खी हयात काढली.

“पण का रं? डाव्यातच असं काय हाय?” अक्काताई पदर खोचून पुढं आल्या. राग होताच, पण त्याहून जास्त चौकशी होती. बाईला पहिल्यापासून प्रत्येक गोष्ट मुळापासून कळायला हवी.

“इंजिन कधी कधी उलटं फिरतंय, आक्का. हँडल मागं झटका देतंय. डाव्या हातातनं ते सुटून जातंय. उजवा असला तर सरळ मनगटावर बसतंय.”

“काय तरीच तुझं!”

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते काही खोटं नाही. नागेंद्र फेटा सावरत गाडीतून उतरला. “सरका, मी मारतो.” त्यानं उजव्या हातानं हँडल धरलं, तेही अंगठा गच्च आवळून. भावकू झटकन पुढं झाला. थोड्या वेळानं ह्याच हातानं पोरगा मंगळसूत्र बांधणार होता.

“सोडा, साहेब! आधी बघा, मग मारा.”

उसाच्या ट्रॉलीतून रस्त्यावर पडलेला एक ऊस त्यानं उचलला. एक टोक मातीत रोवलं, दुसरं बंपरवर टेकवलं, बरोबर हँडलच्या खाली. “हे तुमचं मनगट समजा.” मग स्टिअरिंगजवळचा खटका त्यानं मुद्दाम नको तितका पुढं सारला. अशानं ठिणगी लवकर पडते आणि इंजिन उलटं मारतं. जन्मात कधी त्यानं असं केलं नव्हतं. चुकलं असतं तर हाच हात गेला असता, आणि दुसरं होतं काय त्याच्यापाशी?

अंगठा बाहेर ठेवून डाव्या हातानं त्यानं हँडल वर ओढलं.

फाट्! हात बाजूला फेकला गेला, हँडल उलटं गरगरलं आणि उसाचे दोन तुकडे नवरदेवाच्या पायाशी येऊन पडले.

नागेंद्रनं नकळत आपलंच मनगट धरलं होतं. अक्काताईंनी ते तुकडे उचलले, उलटेसुलटे करून पाहिले.

“आगं बया! आणि तुझा हात रं?”

“हाय की.” भावकूनं पंजा दाखवला. बोटन् बोट शाबूत होतं.

त्यानं खटका जागेवर आणला. अक्काताईंनी आरतीचं ताट मागवलं. गाडीला कुंकू लावलं, हँडलला लावलं, मग भावकूकडं वळल्या.

“हात पुढं कर.”

सवयीनं त्यानं उजवा पुढं केला.

“त्यो न्हवं रं,” अक्काताई म्हणाल्या. “गाडीचा.”

डावा हात पुढं यायला जरा वेळ लागला.