उतारावरची गाडी

रंधाकाकांना जावई पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. रंधाकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मभर सुतारकाम केलं आणि समोर येईल त्याला तासून काढलं, म्हणून गल्लीनं ते ठेवलं. बायको गेल्यावर घरात ते आणि एकुलती एक मुलगी. त्यात हा जावई म्हणून येऊन राहिला आणि आता मुलीला घेऊन निघाला. कुठे, तर रस्त्यावर. सामान पोचवायची एक जुनी व्हॅन त्यानं घेतली होती. तिच्यात पलंग, ओटा, कपाटं बसवायची आणि दोघांनी गावोगाव फिरत राहायचं. परत कधी येणार, हे कुणी सांगत नव्हतं. एकटं राहायची काकांना भीती वाटत होती, पण ती बोलून दाखवतील तर ते रंधाकाका कसले.

गाडी दारासमोरच्या उतारावरच उभी असायची, नाक खाली, शेपूट वर. काम तिथेच सुरू झालं. काका खिडकीत बसून आल्यागेल्याला ऐकू जाईल असा जावयाचा उद्धार करत. हा स्क्रू पिळतोय की कोंबडीची मान, असं विचारत. जावई ढिम्म. तो मान वर करत नाही याचाच काकांना जास्त राग यायचा.

एके दुपारी काकांनी पाहिलं, तर ओट्यावर त्यांचीच जुनी पाणसळ ठेवलेली. तिच्यातला बुडबुडा मधोमध यावा म्हणून जावई ओट्याचं पुढचं टोक उचलत होता. काकांच्या चटकन ध्यानात आलं. गाडी उतारावर असताना पाणसळ लावली, तर ओटा, पलंग, सगळं या उतारापुरतंच सरळ बसणार. सपाट रस्त्यावर गेली की अख्खा संसार मागे कलणार. एक शब्द बोलले असते तर काम थांबलं असतं. पण काकांनी जीभ आवरली, बहुधा जन्मात पहिल्यांदाच.

तेवढ्यात मुलगी गाडीतून उतरून घरात आली. गाडीचा तळच वाकडा दिसतोय, ओट्याच्या पुढच्या पायांखाली फट राहतेय, म्हणाली. तिला पाचरी हव्या होत्या. काकांनी चांगलं लाकूड शोधलं, पाचरी कापल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि तिच्या हातात दिल्या. बाबांनी अखेर हात लावला म्हणून तिचे डोळे भरून आले. काकांच्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पहिल्याच मुक्कामाला या शहाण्याची फजिती होईल आणि पोरगी त्याच्या नावानं बोटं मोडत घरी येईल, असा त्यांचा अंदाज होता.

दोघं निघाले त्याच दिवशी संध्याकाळी गाडी परत दारात आली. मुलगी एकटीच उतरली, जावई गाडीतच बसून राहिला. बेसिनमधलं पाणी जात नव्हतं, कप ओट्यावरून घसरून फुटले होते, पलंगावर पाठ टेकवत नव्हती. काकांनी लगेच सुरुवात केली, की त्या गाढवाच्या हातात...

"पाणसळ मी लावली होती," ती म्हणाली. "तो नुसता उचलत होता. तुम्हीच शिकवलंत ना, डोळ्यांवर नको, बुडबुड्यावर विश्वास ठेव म्हणून."

मग तिनं सरळ विचारलं.

"पाचरी कापताना तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," काका म्हणाले. "तू जाऊ नयेस म्हणून."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, काकांनाही तोंड सोडता आलं असतं. ती मागच्या खोलीत गेली आणि दोन जाड फळ्या काखेत घेऊन आली. मागच्या चाकांखाली या सरकवल्या की कुठेही भागेल, म्हणाली. गाडीतून आणलेली त्यांची पाणसळ तिनं खिडकीत ठेवली.

"तशी ही गाडी फक्त तुमच्या दारात सरळ उभी राहते, बाबा. म्हणून फळ्या नेतेय. इथे यायला लागू नये."

ती गाडीत जाऊन बसली. जावयानं काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं फक्त ब्रेक सोडला आणि गाडी आपोआप उतारानं खाली निघाली.