उलट्या टोकाने भरलेली सभा

चिचटोल्यात साधी तळ्यातली मासोळी कधी काढायची हे ठरवायलाही ग्रामसभा बसते, आणि एकदा बसली की लवकर उठत नाही. हात वर करून मोजायची भानगडच नाही तिथे. एकाने जरी "नाई" म्हटलं तरी विषय पुढच्या सभेवर. सगळ्यांचं "हो" आलं तरच ठराव. तळ्याच्या पाळीवर आंबे लावायचे का, यावर मागे तीन सभा गेल्या, आणि शेवटी लागली ती जांभळं!

अशा गावातल्या एका घराने मात्र सगळा संसार उचलून पुण्याला जायचा निर्णय चहा निवायच्या आत घेऊन टाकला.

त्या घरात माणसं चारच. बापूराव, ज्यांना घरातलेच काय, अख्खं गाव आबा म्हणतं. त्यांचा मोठा मुलगा प्रफुल, जो पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देतो. सून माधवी, आरोग्य केंद्रातली नर्स. आणि नुकतीच नववीची परीक्षा दिलेली त्यांची मुलगी रंजीता.

रंजीताची गंमत अशी, की फेब्रुवारीपर्यंत ती चारचौघांत तोंडच उघडत नसे. मग एका सभेत तिला विचारलं गेलं आणि तिने धाडकन सांगितलं, की आम्ही पोरी सायकलने शाळेत जातो त्या वाटेवरची झुडपं कापा, वाघ बसला तरी दिसत नाही. चार दिवसांत वाट साफ! तेव्हापासून तिच्या जिभेला जे चाक लागलं ते लागलंच. शाळेत, नळावर, एसटीत, जिथे बघावं तिथे रंजीता बोलते आहे. आबा म्हणायचे, "आमच्या घरी रेडिओ आहे, फक्त बंद कराची बटन नाई."

आणि तरीही त्या रविवारी, जेव्हा खरंच बोलायला हवं होतं, तेव्हा तिने फक्त एक शब्द काढला. तोही चुकीचा.

झालं असं. प्रफुलचा धाकटा भाऊ राजदीप पुण्याजवळच्या एका कारखान्यात आहे. प्रफुल आणि आबा नेटवर्कसाठी विहाराजवळच्या कडुनिंबाखाली उभे होते, तेव्हा त्याचा फोन आला. त्याच्या कंपनीत मोटारीचं काम येणारा माणूस हवा होता. त्याच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर एक घर जूनपासून रिकामं होणार होतं. वहिनीला तिकडे मोठ्या दवाखान्यात काम मिळेल, रंजीताची दहावी चांगल्या शाळेत होईल. पाच वर्षांत राजदीपची बोली पार बदलली होती. "मला वाटतं दादा, तुम्ही आता उशीर करू नये," असं तो म्हणाला, तेव्हा आबांनी फोनकडे बघत विचारलं, "कोन साहेब बोलून राह्यले?"

घरी येऊन प्रफुलने अंगणात चटई टाकली, सगळ्यांना बसवलं आणि मोठ्या अदबीने म्हणाला, "आबा, पयले तुमी सांगा."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "जाऊ," ते म्हणाले.

"मंग मायंही हो," प्रफुल म्हणाला.

माधवीने चहाच्या कपाकडे बघितलं. "सगळ्याईचं हो आहे तं माझंही हो."

तिघं रंजीताकडे वळले. ती काय बोलणार? तीन हो एका रांगेत बसलेले, चौथ्याने उठून उभं कसं राहायचं? "हो," ती म्हणाली. झाली सभा.

दुसऱ्या दिवसापासून घराला काहीतरी झालं. भांडण नाही, रडणं नाही, पण सगळे पाहुण्यासारखे वागायला लागले. माधवीने लोणच्याच्या दोन मोठ्या रिकाम्या बरण्या शेजारच्या सुगंधाबाईंना देऊन टाकल्या, आणि मग दिवसातून तीनदा काहीतरी निमित्त काढून त्यांच्या घरी जाऊन बरण्या बघून आली. आबा कोंबड्यांशी बोलू लागले. प्रफुलने नवीन मोटारी घेणं बंद केलं, आणि हातात होती तिला तांब्याच्या तारेचे वेढे असे जपून घालत बसला, की रंजीता म्हणाली, "बाबा, मोटार भरून राह्यले का गोधडी शिवून राह्यले?"

"पाच वर्सं तरी टिकली पायजे," तो मान वर न करता म्हणाला. "जळली तं मी नसन ना इथी."

यावर रेडिओ पहिल्यांदाच आपोआप बंद पडला.

एक मेला निकाल होता, त्याच दिवशी शाळेतून टीसी काढायची होती. तसा अर्ज प्रफुलने सही करून तिच्या दप्तरात ठेवला होता. तो अर्ज इंग्रजीच्या गाइडमध्ये होता, आणि रंजीताने गाइड उघडणंच सोडलं.

पण ती गप्प बसणारी राहिली नव्हती ना आता. तिने गणिताच्या वहीचं शेवटचं पान काढलं, मधोमध रेघ मारली, एकीकडे पुणे लिहिलं, एकीकडे चिचटोला, आणि प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण द्यायला बसली. पुण्यात लाइट जात नाही: नऊ. मेट्रो: दहा, कारण दिवाळीत काकाकडे गेली तेव्हा ती मेट्रोत तीनदा बसली होती आणि तिसऱ्यांदा तर कुठे जायचंही नव्हतं. अकरावी सायन्स घराजवळ: दहा. आईला रात्री-बेरात्री जंगलातून बाळंतपणाला जावं लागणार नाही: दहा, खरं तर अकरा. चिचटोल्यात नेटवर्क फक्त विहाराजवळच्या कडुनिंबाखाली: दोन. सकाळची एसटी सातला, किंवा आठला, किंवा आज नाही: तीन. पण एसटी चुकली तर दसरूभाऊ ट्रॅक्टर थांबवून नेतात: आठ. "वाघ नाही" हा मुद्दा तिने पुण्याच्या चांगल्या बाजूला लिहिला. मग थोड्या वेळाने वाईट बाजूलाही लिहिला, कारण सकाळी नळावर पंजा कुठे उमटला याची बातमीच नसेल तर पुण्याची माणसं दात घासताना बोलतात तरी काय?

बेरीज केली. पुणे एकसष्ट, चिचटोला अठ्ठावन्न.

पुणे जिंकलं होतं. आता आनंद व्हायला हवा होता. तो काही होईना. तिने बेरीज दोनदा तपासली, कुठे हातचा राहिला का म्हणून. नव्हता राहिला.

तीस एप्रिलला दुपारी चार वाजता ग्रामसभा भरली. विडीच्या तेंदूपानाचा हंगाम तोंडावर आला होता, कुठल्या बाजूच्या जंगलातली पानं या वर्षी तोडायची नाहीत ते ठरायचं होतं. मोहाच्या झाडाखाली ऐंशी-नव्वद माणसं. आबा होते, प्रफुल होता, माधवी ड्युटीवरून थेट आली होती, साडीवर पांढरा कोट तसाच. लालसूभाऊंनी, म्हणजे सभेच्या अध्यक्षांनी, विषय सांगितला, आणि नेहमीप्रमाणे काठी जमिनीवर टेकून म्हणाले, "चला. लहान्यापासून सुरू करा."

हे वाक्य रंजीताने लहानपणापासून ऐकलं होतं. चिचटोल्याची रीतच ती. आधी पोरंपोरी, मग बाया, मग बाप्ये, आणि म्हातारे सगळ्यात शेवटी. मागे कुणीतरी बाहेरून आलेल्या साहेबाने कारण विचारलं होतं, तेव्हा लालसूभाऊ म्हणाले होते, "मी पयले बोललो तं मंग बाकीच्याईचं आयकाले काय उरते, साहेब? सारे मायंच बोलनं मले वापस देतेत."

"बोल वं रंजीता," कुणीतरी म्हणालं. "तुया नंबर."

रंजीता उभी राहिली. तोंड उघडलं. आणि तिथेच तिला लख्ख दिसलं, अंगणातली चटई, टोपी काढून पुन्हा घालणारे आबा, आणि बाबांचं ते अदबीने "पयले तुमी सांगा."

"आमची सभा उलटी झाली!" ती ओरडली.

"काय?" लालसूभाऊ म्हणाले.

"नाई, म्हणजे... दक्षिणेकडचं जंगल राखा, तिथी रोपं लहान आहेत. मायं झालं. पण आमची घरची सभा उलट्या टोकानं झाली, लालसूभाऊ! बाबानं आबाले पयले विचारलं!"

सभेत हशा पिकला. माधवीने पदर तोंडाला लावला. पण लालसूभाऊ हसले नाहीत. त्यांनी प्रफुलकडे अशी नजर टाकली, जशी ते सभेतून उठून तंबाखू खायला जाणाऱ्याकडे टाकतात. "काऊन रे प्रफुल? इतक्या वर्साचा सभेत बसतं, आन् घरी जाऊन हे?"

"मानपान म्हणून विचारलं, भाऊ..." प्रफुल पुटपुटला.

"बुढ्याले शेवटी विचारनं हाच बुढ्याचा मान आहे. तो ठराव रद्द. घरी जा आन् पुन्हा बसा."

आता ग्रामसभेच्या अध्यक्षाला घरातल्या ठरावावर काय अधिकार, असा प्रश्न पुण्यात पडला असता. चिचटोल्यात तो कुणालाच पडला नाही. दक्षिणेकडचं जंगल राखायचं ठरलं, आणि ऊन उतरायच्या आत बापूरावांच्या अंगणात तीच चटई पुन्हा अंथरली गेली. कुंपणाच्या पलीकडे सुगंधाबाई विनाकारण तुरी निवडत बसल्या.

"बोल," प्रफुल म्हणाला. "लहान्यापासून."

ग्रामसभेतल्या नव्वद माणसांपुढे ओरडलेली रंजीता आता चटईची काडी ओढत बसली. गर्दीला "नाई" म्हणणं सोपं. या तिघांच्या तीन "हो"पुढे म्हणायचं होतं.

"नाई," ती म्हणाली. मग एका दमात, "म्हणजे मले पुणं आवडते. लय आवडते. मी जाईनच, बारावी झाल्यावर. पण मी जाईन! तुमी सगळे मायामांगं घर उखडून नका येऊ. मी तिथून सुट्टीत यावं तं कुठी यावं मंग? अकरावी सायन्स ब्रह्मपुरीले आहे, होस्टेल आहे, मी विचारलं सरले. गुणामध्ये पुणं तीननं पुढं आहे, पण..." तिने वही पुढे केली. "पण बेरीज बरोबर असून मले आनंद नाई झाला."

मग माधवीकडे पाळी आली.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मायं अर्धं हो होतं. तिथल्या दवाखान्यात मशिनी आहेत, शिकाले भेटते. इथी मी पंधरा वर्सं तेच ते करून राह्यली. पण सगळं घर घेऊन जावं असं मले कधीच नाई वाटलं. मले वाटलं हिलेच जायचं आहे. दिवाळीपासून मेट्रो मेट्रो करून डोस्कं खाल्लं हिनं!"

"मी?" रंजीता म्हणाली.

"नाई तं काय सुगंधाबाईनं?"

कुंपणापलीकडून तुरीचा आवाज थांबला.

"आन् तुमी?" माधवीने नवऱ्याला विचारलं.

प्रफुलने हाताची बोटं उलटीसुलटी करून बघितली, तांब्याच्या तारेने काळी पडलेली. "मी मोटारीचा आवाज आयकून सांगतो कोनाच्या वावरातली आहे थे. तिथी सगळ्या मोटारी एकाच मालकाच्या. मले नाई जायचं. आबा हो म्हणाले म्हणून मी म्हणलं."

आता सगळे आबांकडे बघू लागले. आबांनी टोपी काढली, आणि या वेळी घातलीच नाही.

"मी काऊन हो म्हणलं, सांगू? सून रात्री बाराले बाळंतपणाले जाते, नातीले शिकाचं आहे. मले वाटलं, मी नाई म्हणलं तं तुमी माया एकट्यापायी अडकून पडान." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "नाई तं मले कायले पायजे सहावा मजला? लिफ्ट बंद पडली का मी तिथी लटकलो."

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही. बहुतेक सुगंधाबाई. मग माधवी, मग प्रफुल, आणि मग आबा असे हसले की त्यांना ठसका लागला आणि रंजीताला तांब्या आणायला पळावं लागलं. पळताना तिला कळलं, की आठ दिवस छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं होतं, ते नाही आता. तिने येताना विनाकारण एक उडी मारली आणि अर्धं पाणी सांडलं.

"पण आईचं अर्धं हो राह्यलं," ती म्हणाली. ठराव म्हणजे ठराव. कुणाचं अर्धं "हो"ही बाकी राहता कामा नये.

तेव्हा निघालं, की नागपूरला दर वर्षी नर्सचं तीन महिन्यांचं एक प्रशिक्षण असतं, गेल्या वर्षी माधवीचं नाव आलं होतं आणि घरी स्वयंपाक कोण करणार म्हणून तिने कुणाला न सांगता नाही कळवून टाकलं होतं. प्रफुल तिच्याकडे बघतच राहिला. "सांगाचं तं होतं!"

"भात मले येते," आबा म्हणाले.

"तुमच्या भाताले कोंबड्याही तोंड लावत नाई, आबा," रंजीता म्हणाली. "पण भाजी मी करीन." आणि पान काढून लिहूनही टाकलं, ठराव क्रमांक एक, आई नागपूरला.

मग चौघंही कडुनिंबाखाली गेले, राजदीपला सांगायला. प्रफुल घसा साफ करत राहिला, म्हणून शेवटी फोन रंजीतानेच धरला. "काका, आमी येऊन नाई राह्यलो." तिने स्क्रीनकडे बघितलं, नेटवर्क गेलं का. मग राजदीपचा लांब श्वास ऐकू आला.

"बरं झालं वं पोरी," तो म्हणाला. सगळा साहेबपणा गळून पडलेला. "त्या घराले गॅलरी नाई. आबा कुठी बसतीन याच्या विचारानं मले चार रात्री झोप नाई. पण दादाले वाटलं असतं, भावानं बोलावलंच नाई."

"आला वापस," आबा फोनकडे वाकून म्हणाले. "साहेब गेले वाटते."

दुसऱ्या दिवशी रंजीता एक्क्याऐंशी टक्के मिळवून शाळेतून बाहेर पडतच होती, तेव्हा मुख्याध्यापकांनी हाक मारली. "रंजीता, तुझ्या टीसीचा अर्ज आणला का? तुझे वडील म्हणत होते."

तिने दप्तर उघडलं, इंग्रजीचं गाइड काढलं, त्यातला अर्ज काढला. त्याच्या पाठीमागे काल रात्री आबांसाठी भाताची कृती लिहून झाली होती, पाणी किती, मीठ किती, आणि मोठ्या अक्षरात, झाकण उघडून बघत बसू नये.

"नाई पायजे सर," ती म्हणाली, आणि सायकलवर टांग मारून त्या साफ केलेल्या वाटेने घरी सुटली. प्रफुलच्या दुकानासमोर तीन जळालेल्या मोटारी रांगेत येऊन बसल्या होत्या, आणि सुगंधाबाई दोन्ही काखांत दोन बरण्या घेऊन अंगणात शिरत होत्या. एक रिकामी होती. दुसरीत लोणचं होतं, या आठ दिवसांत त्यांनीच घातलेलं.