‘विचार करतो’ म्हणून गेलेला माणूस

मी चिदोरी बोलतेय. जपानच्या सेतो समुद्रातली शिडाची होडी, वयाने चाळिशी ओलांडलेली. धक्क्यावर आलात तर मासेमारीच्या बोटींच्या पलीकडे, बर्फाच्या कारखान्यासमोर, निळ्या पट्ट्याची जी ठेंगणी होडी दिसेल ती मीच. आज पहाटेपासून मी एका बाईंची वाट बघतेय आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. गप्प बसवत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म शिकोकूच्या किनाऱ्यावरच्या एका शेडमधला. काचेचे धागे आणि राळ यांचे थरावर थर देऊन मला घडवलं. ओसाकाच्या एका दातांच्या डॉक्टरांनी मला मोठ्या हौसेने करवून घेतलं आणि माझ्या पाठीवर कुठल्याशा परदेशी राजकन्येचं नाव रंगवलं. पुढे वर्षातून दोनदा ते पाहुणे घेऊन यायचे, माझ्यावर बसून बिअर प्यायचे आणि निघून जायचे. शीड उघडू या असं कुणी म्हटलं की त्यांना नेमकी दवाखान्याची आठवण व्हायची. माझी तरुणपणची वर्षं अशी दोराला बांधलेल्या अवस्थेत गेली. मग त्यांची हौस फिटली आणि मला तोकुनागासानांनी घेतलं.

तोकुनागासान, तुमच्या भाषेत तोकुनागाराव, या बंदरातले न्हावी. त्यांचं सलून धक्क्यासमोरच, वरच्या मजल्यावर घर. त्यांनी ती राजकन्या खरवडून काढली आणि ‘चिदोरी’ लिहिलं. किनाऱ्यावर तुरुतुरु पळणाऱ्या इथल्या एका चिमुकल्या पक्ष्याचं हे नाव. मला ते ऐकल्या क्षणी आवडलं.

इथल्या जुन्या होड्या बांधणाऱ्यांची एक रीत आहे. होडीत जीव यावा म्हणून डोलकाठीच्या बुडाशी बाईच्या केसांची बट ठेवायची. तोकुनागासानांना केस मिळवायला कितीसा त्रास? बायकोचे केस कापता कापता त्यांनी एक बट गुपचूप खिशात टाकली आणि माझ्या डोलकाठीखाली ठेवून दिली. फुमिएसानना हे कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

“माझे केस नेऊन त्या सवतीला दिलेत?”

तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव सवत. तरी पहिल्या सफरीला त्या आल्या होत्या, हे कबूल करायला हवं. सलूनची गिऱ्हाइकं बोलावली होती, सगळ्यांसाठी त्यांनी भाताचे डबे भरून आणले होते. पण बंदराच्या तोंडाशी पोचायच्या आतच माझ्या डोलण्याने त्यांच्या पोटात ढवळलं आणि चारचौघांत व्हायचं ते झालं. लोक हसले. एक वेळ ते चाललं असतं, पण तोकुनागासानही हसले! फुमिएसान धक्क्यावर उतरल्या आणि त्यांनी जाहीर केलं, “पुन्हा हिच्यावर पाय ठेवला तर नावाची फुमिए नाही.” तीस वर्षं त्यांनी ते पाळलं. बाई शब्दाची पक्की.

आमची मजा मात्र त्याने थांबली नाही. सोमवारी सलून बंद असायचं, तो आमचा दिवस. या बेटावरून त्या बेटावर जायचं, कुठेतरी आडोशाला नांगर टाकायचा, भात शिजवायचा. तोकुनागासान सुकाणू धरून गायचे. आवाज भसाडा, पण ऐकायला मी एकटीच असल्यामुळे त्यांचं निभावलं.

संध्याकाळी परतताना मला दर वेळी एक गंमत दिसायची. माझं शीड बंदराच्या वळणावर दिसलं की फुमिएसान गच्चीवर वाळलेले कपडे काढायला यायच्या. पावसाळी दिवशी, दोरीवर एकही कपडा नसतानासुद्धा यायच्या. नवरा धक्क्यावर उतरलेला दिसला की खाली जायच्या. तोकुनागासानांची वर पाठ असायची, त्यांना हे कधी कळलं नाही. मला कळायचं. म्हणून मला त्या बाईंचा राग कधी आलाच नाही. त्यांचं माणूस मी नेते आणि ते परत येईपर्यंत त्यांच्या जिवाला घोर असतो, एवढंच काय ते आमचं भांडण.

मग तोकुनागासानांचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने अंधार येत गेला. एका सोमवारी कालवांच्या शेतीचा लांबलचक तराफा समोर आला आणि त्यांना तो दिसलाच नाही. मी जमेल तेवढं अंग चोरलं, घासत घासत सुटलो. घरी आल्यावर त्यांनी शीड नीट घडी घालून ठेवलं, माझ्या काठावर हात ठेवला आणि म्हणाले, “चिदोरी, पुरे आता.”

तेवढ्यात बंदराच्या सोसायटीने सांगितलं की धक्क्याची दुरुस्ती निघाली आहे. वादळांचा हंगाम सुरू व्हायच्या आत ज्या होड्यांना चालवणारं कुणी नाही, त्या हलवाव्या लागतील. आजूबाजूच्या बंदरांत जागा नव्हती. आमच्यासारख्या होड्या कुजत नाहीत, जळतही नाहीत. त्यांना करवतीने कापतात आणि ट्रकात भरून नेतात. म्हणजे मला नवा मालक तरी मिळणार होता, नाहीतर करवत.

तोकुनागासानांनी मासळीबाजाराच्या फळ्यावर कागद लावला आणि माझा बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. उपवर मुलीचे हाल काय असतात ते मला उतारवयात कळलं! सगळे नुकतेच निवृत्त झालेले. एका बँकवाल्यांनी विचारलं, टीव्ही कुठे बसवायचा? एका गृहस्थांनी खाली उतरताना माझ्या तुळईला डोकं आपटून घेतलं आणि वर माझ्याकडेच रागाने पाहिलं. एकांना मी हवी होते, पण त्यांच्या मुलीने फोनवरून सांगितलं, “बाबा, या वयात नसती थेरं नकोत.” प्रत्येक जण जाताना वाकून नमस्कार करून एकच म्हणायचा, “छान आहे. विचार करतो.” आमच्या इथे ‘नाही’ असं तोंडावर म्हणत नाहीत. ‘विचार करतो’ म्हटलं की समजून जायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

मग एक दिवस मोरिवाकीसान आले, बायकोला घेऊन. उन्हाळा पेटला होता. समोरच्या गावचे हे गृहस्थ, उभा जन्म किनाऱ्याच्या रस्त्यावर बस चालवलेली. मिसाओसान, म्हणजे त्यांच्या पत्नी, तोकुनागासानांना म्हणाल्या, “यांना रोज खिडकीतून बेटं दिसायची, पण तिथे स्टॉप नव्हता ना! आता म्हणतात, जिथे वाटेल तिथे थांबणारं काहीतरी पाहिजे. दोन वर्षं झाली, प्रत्येक बंदरातल्या होड्या बघतोय. एक फार मोठी, एक फार वेगाची. एकीत तर चहा ठेवायला जागा नव्हती.”

मोरिवाकीसान तोवर माझ्यावर चढले होते. त्यांनी माझ्या एकेका अवयवाकडे बोट दाखवलं आणि बस सोडताना म्हणतात तसं स्वतःशीच म्हटलं, “सुकाणू, ठीक. नांगर, ठीक. उजवी बाजू, ठीक.” मला कुणी इतक्या आदराने कधी तपासलं नव्हतं. मग ते खालच्या बाकावर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी पाण्यावर हळूहळू हलत होते आणि ते माझं हलणं ऐकत होते. वर तोकुनागासानांना वाटलं, कंटाळून झोपले.

मिसाओसान चुलीपाशी बसल्या. हात लांबवून फळी गाठली, रिकाम्या हातांनी खोटाखोटा चहा ओतला. त्यांचं तोंड असं खुललं की मला कळलं, यांचं जमलं.

पण मोरिवाकीसान उठले, धक्क्यावर गेले, तोकुनागासानांना कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “विचार करतो.”

तोकुनागासानांचा चेहरा पडला. तेही वाकले. “एवढ्या उन्हात आलात, उपकार झाले.”

मिसाओसान अजून खालीच होत्या. त्यांनी नवऱ्याचे शब्द ऐकले आणि कपाळावर हात मारला. मग डोक्यावरची गवताची हॅट काढली, माझ्या खुंटीला अडकवली, खुंटीवर नीट बसली का ते पाहिलं आणि उघड्या डोक्याने उन्हात निघून गेल्या. हे फक्त मी पाहिलं. मला ओरडून सांगायचं होतं, पण आम्हा होड्यांना करकरण्यापलीकडे काय येतं? मी पुष्कळ करकरले.

दिवस जात राहिले. कुणी आलं नाही. शुक्रवारी सकाळी करवतवाले येणार असं ठरलं. बुधवारी तोकुनागासान चाचपडत चाचपडत माझ्यातलं सामान बाहेर काढत होते, फुमिएसान धक्क्यावर उभ्या राहून ते घेत होत्या. भांडी आली, दोर आले, किटली आली. मग ती हॅट आली.

“ही कुणाची?” फुमिएसाननी विचारलं.

“त्या बसवाल्यांच्या मिसेसची असणार. विसरल्या वाटतं. पार्सलने पाठवून देतो.”

“विसरल्या? त्या दिवशी डांबर वितळत होतं. असल्या उन्हात डोक्यावरची हॅट कोण विसरतं?”

“त्यांनी ‘विचार करतो’ म्हटलंय, फुमिए. आपण आता मागे लागणं म्हणजे त्यांना लाज आणणं.”

“त्यांनी म्हटलंय. तिने कुठे म्हटलंय?”

“अगं, पण...”

“तुम्ही पुरुष वाका एकमेकांपुढे. वाकता वाकता होडीचे तुकडे होऊ देत.” त्यांनी हॅट झटकली. “मी ही परत द्यायला चाललेय. होडीचा विषय काढायला नाही. हॅट परत देण्यात कसली आलीय लाज?”

तोकुनागासानांनी हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाले, “तीस वर्षं तुला हिला घालवायचं होतं.”

फुमिएसान धक्क्याच्या कडेला आल्या. इतक्या जवळ त्या कधी आल्या नव्हत्या. माझ्याकडे बघत, पण नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सवत असली तरी दर सोमवारी माझं माणूस मला आणून दिलं हिने. एकदासुद्धा चुकली नाही.”

आणि त्या बस पकडायला गेल्या. तोकुनागासान माझ्या काठावर बसले आणि रडले. मलाही भरून आलं होतं, पण माझं रडणं पाण्यात कुणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी तिघं बरोबरच आली. मोरिवाकीसान लाल झाले होते. वाकून वाकून माफी मागत होते.

“मी खरंच विचार करत होतो हो! भरतीचे तक्ते बघत होतो, कुठल्या बेटावर आधी जायचं ते ठरवत होतो. उद्या संध्याकाळी फोन करणारच होतो.”

“आणि उद्या सकाळी करवत येणार होती!” फुमिएसान म्हणाल्या.

मिसाओसान हसत सुटल्या. “आमचं लग्नाचं बघणं झालं तेव्हाही हे असंच म्हणाले होते. माझ्या वडिलांनी दुसरं स्थळ पाहायला घेतलं. आणि पावसाळा संपता संपता हे महाशय दारात हजर, म्हणे विचार झाला! तेव्हा मी मुद्दाम यांच्याकडे माझी छत्री विसरले होते, म्हणून ती परत द्यायचं तरी निमित्त होतं. ही होडी बिचारी कुठून छत्री आणणार? म्हटलं, तिच्या वतीने आपणच काहीतरी विसरावं.”

तोकुनागासान इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. करवतवाल्यांना फोन गेला. धक्क्याची दुरुस्ती झाली, माझी जागा मोरिवाकीसानांच्या नावावर झाली. त्यांनी माझा तळ खरवडला, नवा रंग दिला, चुलीवरची फळी बोटभर खाली घेतली. डोलकाठी उतरवायची वेळ आली तेव्हा फुमिएसान धक्क्यावरून ओरडल्या, “बुडाशी माझे केस आहेत. ते काढायचे नाहीत! मी येत नाही, पण ते जाऊ देत.”

तेव्हापासून आम्ही जिथे वाटेल तिथे थांबतो. पुष्कळदा तोकुनागासानही येतात. त्यांना आता दिसत नाही फारसं, पण सुकाणू हातात दिलं की ते वाऱ्यावरून ओळखतात कुठे आलो ते. मोरिवाकीसान समोरचं बघून सांगतात, “डावीकडे तराफा. ठीक, गेला.” दोघं मिळून आता गातात. मोरिवाकीसानांचा आवाज त्याहून भसाडा आहे.

आणि काल संध्याकाळची गोष्ट. आम्ही परत आलो तेव्हा गच्चीवर कुणी नव्हतं. फुमिएसान खाली धक्क्यावर येऊन थांबल्या होत्या. नवऱ्याचा हात धरून त्यांना उतरवून घेतलं आणि मग, जमिनीकडे बघत, मोरिवाकीसानांना म्हणाल्या, “यांना समुद्रावर काय दिसत होतं ते मला कधी ठाऊकच झालं नाही. आता यांनाही दिसत नाही. कुणीतरी बघून सांगायला नको का? एखाद्या दिवशी मला न्याल?”

मोरिवाकीसान कमरेत वाकले. “विचार करतो.”

फुमिएसान वळल्या आणि तडक घरी गेल्या. रात्री त्यांच्या स्वयंपाकघरातून व्हिनेगर घातलेल्या भाताचा वास माझ्यापर्यंत आला. चार माणसांचा भात असावा.

आता उजाडलंय. सलूनचं दार वाजलं. त्या आल्या बघा. एका हातात डबे, दुसऱ्या हाताने नवऱ्याला धरलंय, डोक्यावर मिसाओसानची ती गवताची हॅट. माझ्या काठाशी येऊन थांबल्यात आणि पाण्याकडे बघताहेत.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या किनाऱ्यावर वारा असेल तर त्याला आज तिकडेच थोपवून धरा. मी अगदी स्तब्ध राहीन, श्वाससुद्धा घेणार नाही. त्यांनी पाय उचललाय.