ज्याच्या हातून लादी पडेल

रविवारी फिटरच्या घरी पाव भाजले की अख्ख्या गल्लीला वासावरून कळायचं. फिटर म्हणजे कारखान्यात तीस वर्षं नटबोल्टांवर पाने फिरवून निवृत्त झालेला गडी, पण घरात हुकूम बायकोचा. तिला सगळे वहिनी म्हणायचे, अगदी तिच्याहून म्हातारेसुद्धा. ती सकाळी मैद्यात यीस्ट घालून पीठ मळायची, परात झाकून ठेवायची, आणि दुपारी एकाला एक चिकटलेल्या बारा पावांची लादी ओव्हनमधून बाहेर काढायची. जेवायला फिटरचे दोन जुने सोबती ठरलेले. एक क्रेनवाला लंबू आणि दुसरा घड्याळजी, जो जन्मात कधी वेळेवर आला नाही.

टेबलाचे कायदे वहिनीचेच. सुरी आणायची नाही. पाव एकट्यानं तोडायचा नाही. एकानं लादी धरायची, शेजाऱ्यानं ओढायची. आणि ज्याच्या हातून लादी खाली पडेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. एकदा लंबू तापानं फणफणला होता, तरी सुटला नाही. त्याची बायको म्हणायची, "घरी वाटी विसळत नाही मेला, आणि तिकडे जाऊन पातेली घासतो!" अशी बावीस वर्षं गेली.

सात महिन्यांपूर्वी वहिनीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. जी बाई दुसऱ्याला बोलूच द्यायची नाही, तिच्या तोंडून एका वेळी एकच शब्द निघू लागला, तोही ढकलून ढकलून. जेवताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ यायचा. ती खोलीत एकटी जेवू लागली. पाव गेले, त्यांच्याबरोबर रविवारही गेला.

फिटरला ते बघवेना. दोन महिने कसेबसे काढले आणि त्यानं सोबत्यांना जेवायला बोलावलं. पाव विकत आणले. वहिनीला हाताला धरून टेबलाशी आणलं, तिच्या गळ्यात रुमाल बांधला, आणि तिच्या वाट्याच्या पावाचे सुरीनं बारीक बारीक तुकडे करून ताटात मांडले. माणूस मायेनं करायला जातो आणि नेमकी माती खातो, ती अशी. वहिनीनं तुकड्यांकडे पाहिलं. डाव्या हातानं ताट सरकवलं, उठली, पाय ओढत खोलीत गेली आणि आतून कडी लावली. त्यानंतर ती जेवायला टेबलाकडे फिरकलीच नाही.

"माझं चुकलं तरी काय?" फिटरनं लेकीला विचारलं. लेक जवळच राहायची, रोज येऊन आईचं करायची.

"बाबा, तिच्याच टेबलावर तुम्ही सुरी आणलीत. चारचौघांत तिचं कुक्कुलं बाळ केलंत."

ते वाक्य फिटरला पाच महिने सलत राहिलं. शेवटी एका रविवारी त्यानं स्वतःच पीठ मळायला घेतलं आणि सोबत्यांना निरोप धाडला. हाडाचा फिटर तो, मैदा काट्यावर ग्रॅममध्ये मोजला, पाणी मापानं घातलं, आणि समोर घड्याळ मांडून बसला. यीस्टच्या पाकिटावर लिहिलं होतं एक तास. एक तास झाला, तसा तो परात उचलायला उठला.

खोलीची कडी वाजली. वहिनी भिंतीला धरून आली. तिनं फडकं बाजूला करून डाव्या हाताचं बोट पिठात खुपसलं. खळगा लगेच भरून आला.

"अजून."

"अगं, तास झालाय! पाकिटावर लिहिलंय!"

वहिनीनं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि दोघांनाही एकाच मापानं जोखलं. "गार," ती म्हणाली आणि परात शेगडीकडे ढकलली. मग खुर्ची ओढून राखणीला बसली. आणखी सव्वा तासानं पीठ फडक्याला टेकलं तेव्हा तिनं त्यावर चापट मारली. "आता."

लंबू आला, घड्याळजी उशिरा आला. लेकीनं ताटं मांडली. घरातल्या सगळ्या सुऱ्या फिटरनं सकाळीच पलंगाखालच्या ट्रंकेत कोंबल्या होत्या. वहिनी आत जायला उठली होती, पण तेवढ्यात ओव्हन उघडला आणि तो जुना वास घरभर पसरला. ती तशीच उभी राहिली. मग आपल्या जागेवर बसली.

लादी फिरू लागली. लंबूनं धरली, घड्याळजीनं ओढली. वहिनीपाशी आली तेव्हा तिनं ती डाव्या हातात धरून नवऱ्यापुढे केली. फिटरनं ओढलं. तिची बोटं सुटली, आणि लादी थेट जमिनीवर पालथी पडली.

वहिनीचा चेहरा पडला. "असू दे वहिनी" सगळ्यांच्या ओठावर आलं. लंबू तर उचलायला वाकलासुद्धा. तिनं उठण्यासाठी टेबलावर तळवा टेकला. आत्ता ही आत गेली तर पुन्हा या टेबलाशी यायची नाही, हे फिटरला लख्ख कळलं. त्याच्याही जिभेवर तेच "असू दे" आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"बस खाली," तो म्हणाला. "कायदा तुझा आहे. आज भांडी तुझी."

"बाबा!" लेक किंचाळली.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा हसू शकत नव्हता.

"बावीस वर्षांनी का होईना, देवानं ऐकलं माझं!" लंबू म्हणाला आणि लादी उचलून, झटकून ताटात ठेवली. वहिनीनं लादी पुन्हा धरली, फिटरनं बेतानं ओढली. ती दोन पाव जेवली. ओघळ आला तो मनगटानं पुसला आणि पुढचा घास घेतला.

भांडी घासायला दीड तास लागला. ताट मोरीच्या कठड्याशी कमरेनं दाबून धरायचं आणि डाव्या हातानं घासायचं. एक वाटी फुटली. फिटर शेजारी उभा होता. हात पुढे जायला धडपडत होते, म्हणून त्यानं ते खिशात खुपसून ठेवले होते. इतकं अवघड काम त्यानं कारखान्यातही केलं नसेल. सोबती बाहेर बसून राहिले, घरी जायचं नाव कोणी काढलं नाही.

शेवटचं ताट तिनं त्याच्यासमोर धरलं. "पुसा."

त्यानं फडक्यानं ताट पुसलं. मग राहवलं नाही, त्याच फडक्यानं डोळे पुसले.

वहिनीनं त्याच्या हातातून फडकं हिसकलं. ओठ जुळवायला तिला वेळ लागला, पण ती थांबली नाही. सात महिन्यांतलं तिचं पहिलं सबंध वाक्य होतं ते:

"हे... फडकं... ताटांचं आहे."